प्रत्येक मॉड्यूल एकटं नीट चालतं, पण व्हॅलिड-रेडी हँडशेकने जोडल्यावर चिपचं डिझाइन कधीतरी हँग होतं. कंट्रोल प्रोटोकॉलचं मॉडेल कसं करावं?

तुमची मॉड्यूल्स व्हॅलिड-रेडी हँडशेकने जोडलेली आहेत (पाठवणारा व्हॅलिड वर करतो, घेणारा रेडी; दोन्ही वर असतील तेव्हाच व्यवहार होतो), म्हणून आधी एक करा: डेटा पूर्ण बाजूला ठेवा. ६४ बिटांच्या बसवर काय वाहतंय, याचा अशा हँगशी सहसा संबंध नसतो. कोण कोणासाठी थांबलंय, एवढंच मॉडेलमध्ये उरलं पाहिजे.

एक उदाहरण घेऊ. फोर्क, म्हणजे वाट दुभंगणारं मॉड्यूल, प्रत्येक वर्ड दोन वाटांनी पाठवतो: एकीकडे ४ वर्ड मावणारा फिफो (आधी आलेला आधी बाहेर, अशी रांग), दुसरीकडे पॅकेटची तपास-बेरीज काढणारं चेकसम. पुढचं मॉड्यूल आधी चेकसम घेतं, मगच फिफो रिकामा करतं. चेकसमला मात्र पूर्ण पॅकेट लागतं. दोन्ही बाजू रेडी असतील तरच फोर्क वर्ड सोडतो. पॅकेट ४ वर्डचं असेल तोवर सगळं सुरळीत. ५ वर्डचं आलं की फिफो भरतो, रेडी खाली जातो, चेकसम पाचव्या वर्डची वाट बघत बसतं आणि कोणीच हलत नाही; हाच डेडलॉक. तरीही सगळी मॉड्यूल्स आपापल्या जागी बरोबरच आहेत! फोर्कने चेकसमला वर्ड आधी देऊन टाकला, तर ५ चं पॅकेट निघून जाईल. पण ६ ला पुन्हा तेच.

मॉडेलमध्ये हे दोन आकड्यांत मावतं: फिफोत किती, चेकसमने किती घेतले. पॅकेटची लांबी मोकळी सोडा आणि मॉडेल चेकरला (सगळ्या शक्य अवस्था तपासणाऱ्या टूलला) विचारा, जिथून पुढे जाताच येत नाही अशी अवस्था गाठता येते का. (४,४) लगेच हाती लागते. रँडम सिम्युलेशनमध्ये ५ चं पॅकेट नेमकं येईलच, याची खात्री कोण देणार?

प्रवाह डेटावर अवलंबून नसेल, तर पेट्री नेट मला जास्त आवडतं: त्यात टोकन नावाच्या खुणा एका जागेतून दुसऱ्या जागेत सरकतात. कार्ल आडाम पेट्री यांच्या १९६२ च्या प्रबंधातून आलेली ही कल्पना इथे चपखल बसते. मार्क्ड ग्राफमध्ये, म्हणजे प्रत्येक जागेत येणारी आणि तिथून निघणारी वाट एकेकच असलेल्या पेट्री नेटमध्ये, प्रत्येक चक्रातल्या टोकनांची संख्या कायम राहते. टोकन नसलेलं एकही चक्र सापडलं, तर तिथे डेडलॉक ठरलेला. वेगही त्यातूनच कळतो: चक्रातली टोकन भागिले चक्राचा एकूण विलंब, आणि सगळ्यांत लहान गुणोत्तर हीच कमाल गती.

मग आरटीएलकडे, म्हणजे हार्डवेअरच्या प्रत्यक्ष कोडकडे, या. प्रत्येक इंटरफेसवर नियम असर्शन (टूलने तपासायची अट) म्हणून लिहा. व्हॅलिड वर गेला की व्यवहार होईपर्यंत खाली येणार नाही, तोवर डेटा बदलणार नाही, आणि व्हॅलिड कधीही रेडीची वाट बघणार नाही. हे एएक्सआय या चिपमधल्या प्रचलित बस प्रोटोकॉलचेच नियम आहेत. रेडीने व्हॅलिडची वाट बघितली तर चालतं. दोघांनी एकमेकांची बघितली की संपलं. पाठवणाऱ्याची जी असर्शन, तीच घेणाऱ्याची गृहीतकं. त्यामुळे मॉड्यूल्स सुटी तपासता येतात, पण वरच्यासारखा डेडलॉक त्यातून निसटतो. तो जोडलेल्या मॉडेलमध्येच शोधावा लागतो.

"शेवटी पॅकेट बाहेर पडतंच" हे सिद्ध करताना समोरचा कधी ना कधी रेडी देईल, हे गृहीत धरावं लागतं. नाहीतर टूल निरर्थक प्रतिउदाहरणं देत राहील. उलट गृहीतकं फार आवळली, तर काहीही सिद्ध होतं. म्हणून सोबत कव्हर (अमुक घडू शकतं हे दाखवायला लावणारी अट) लिहा: फिफो भरलाय आणि तरीही त्यानंतर पॅकेट पूर्ण झालंय, असा मार्ग टूलने प्रत्यक्ष काढून दाखवला पाहिजे.