फ्रेंच भयपट इतके अंगावर येणारे असूनही लोक ते आवर्जून का पाहतात?

माझ्या मते याचे मुख्य कारण असे, की या चित्रपटांत भीती भुताखेतांकडून येत नाही, ती माणसाच्या शरीरातून येते. ज्युलिया द्युकूर्नो यांच्या 2016 सालच्या ‘रॉ’मध्ये पशुवैद्यक महाविद्यालयात नुकतीच दाखल झालेली शाकाहारी ज्युस्तिन रॅगिंगमध्ये सशाचे कच्चे मूत्रपिंड खाते. त्यानंतर अंगावर उठलेले पुरळ ती पांघरुणाखाली खाजवत राहते, तेव्हा रक्तपाताशिवायही नखांच्या त्या आवाजाने आपलीच कातडी हुळहुळते. भूक, लाज आणि वयात येणे या ओळखीच्या गोष्टी तिथे भयाचे रूप घेतात, म्हणूनच तो चित्रपट मला या परंपरेतला सर्वांत जिवंत वाटतो.

2003 मधील ‘ओत तांसिओं’पासून हा प्रवाह ठळक झाला. 2007 सालच्या ‘आ लँतेरियर’मध्ये एका गरोदर स्त्रीच्या घरात नाताळच्या आदल्या रात्री अनोळखी बाई शिरते आणि बाहेर पॅरिसच्या उपनगरांतील दंगलींची धग जाणवत राहते. पास्काल लोजिए यांचा ‘मार्टर्स’ (2008) मात्र अतिशय कठोर आहे, इतका की फ्रान्समध्ये त्याला आधी अठरा वर्षांखालील प्रेक्षकांना बंदी घालणारे प्रमाणपत्र मिळाले होते आणि निषेधानंतर ती मर्यादा सोळावर आणण्यात आली. त्यातील यातना करमणुकीसाठी नाहीत, हे मला मनापासून पटते. तरीही मन हळवे असेल तर सुरुवात ‘रॉ’पासूनच करावी.