रिचमंड पार्कमधील एकटीची फेरी

प्रिय विद्यार्थिनी,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. ऑक्टोबर निम्मा सरल्यापासून लंडनमध्ये दुपारीच दिवस मावळल्यासारखे वाटते, रविवारी वसतिगृहाची खोली अंगावर येते आणि अभ्यासात लक्ष लागत नाही, असे तू लिहिले आहेस. तिकडे काही वर्षे काढलेली असल्यामुळे मला याचे नवल वाटले नाही. डिस्ट्रिक्ट लाइन या लंडनच्या भुयारी रेल्वेने शेवटच्या रिचमंड स्थानकापर्यंत जा, टेकडी चढून रिचमंड गेटने उद्यानात शिर आणि एकटीच चाल. या एका फेरीपुरते तरी मैत्रिणींना बरोबर घेऊ नकोस, कारण दोघी असल्या की गप्पा होतात आणि आजूबाजूचे पाहायचे राहून जाते.

उद्यान म्हटल्यावर आखीव ताटवे आणि बाके डोळ्यांपुढे येतात. रिचमंड पार्क तसे नाही. सुमारे २५०० एकरांची ही गवताळ, ओकच्या जुन्या झाडांची जमीन आहे. १६२५ मध्ये लंडनमध्ये प्लेग पसरला तेव्हा पहिल्या चार्ल्स राजाने आपला दरबार रिचमंडला हलवला आणि पुढे १६३७ मध्ये शिकारीसाठी या जागेभोवती भिंत घातली. नंतरच्या काळात सामान्य माणसाला आत येणे अवघड झाले, तेव्हा जॉन लुईस नावाच्या एका बिअर गाळणाऱ्या व्यावसायिकाने न्यायालयात दाद मागितली आणि १७५८ मध्ये पायी चालणाऱ्यांचा हक्क परत मिळवला. तू ज्या वाटेने निवांत जाशील ती कोणीतरी भांडून मिळवलेली आहे, एवढे ध्यानात असू दे.

मन रमवण्यासाठी म्हणून तिथे जाऊ नकोस. त्या अपेक्षेने गेलेले माणूस दर दहा मिनिटांनी स्वतःची नाडी तपासत राहते आणि शेवटी कंटाळून परतते. त्याऐवजी, आपली मनःस्थिती कुठे पालटली आणि त्या क्षणी समोर नेमके काय होते, एवढेच पाहत जा. ऑक्टोबरमध्ये तिथला सूर्य भर दुपारीही फारसा वर चढत नाही. त्यामुळे ऊन पडले की वाळलेल्या नेच्यांचे रान तांब्यासारखे उजळते आणि ढग आला की तेच रान क्षणात मातकट होते. या दोन क्षणांच्या मध्ये तुझ्या आयुष्यात काहीच घडलेले नसते, तरीही मन खाली गेलेले असते. आपल्या खिन्नतेचा किती भाग आपला आणि किती उजेडाचा, याचा अंदाज अशा चालण्यातून हळूहळू येऊ लागतो. अभ्यासिकेत बसून तो येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

पानगळीबद्दलही तू जरा घाईने लिहिले आहेस. ‘सगळे मरणाला टेकल्यासारखे दिसते’ हे तुझे वाक्य मला पटले नाही. थंडी वाढून दिवस लहान होऊ लागले की झाड पानांतील हरितद्रव्य मोडून त्यातले उपयोगी घटक परत आत ओढून घेते. पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, तो तेव्हा उघडा पडतो, तर काही झाडांतला लाल रंग त्या दिवसांत नव्याने तयार होतो. देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर तयार होऊन पान सुटे होते. आपल्याकडे साग किंवा पळस पाणी वाचवण्यासाठी कोरड्या दिवसांत पाने टाकतो, तेव्हा आपण त्याला मरण म्हणत नाही. ओक मात्र सावकाश आहे; त्याची पाने इतरांच्या मागून तपकिरी होतात आणि बराच काळ फांदीला धरून राहतात.

चालता चालता घोगरी, लांबलेली डरकाळी ऐकू आली तर दचकू नकोस. हा तांबड्या हरणांच्या माजाचा काळ असतो आणि नर एकमेकांना आव्हान देत असतात, कधी शिंगांवर नेच्यांचे झुबके मिरवत. त्यांच्यापासून किमान ५० मीटर दूर राहा. छायाचित्रासाठी पुढे सरकणाऱ्यांचे अनुकरण करू नकोस. पानगळीचा ऋतू म्हणजे नुसती उदासी, हा समज त्या आवाजापुढे टिकत नाही.

मग डोक्यावरून हिरव्या पोपटांचा थवा किंचाळत जाईल. हे आपलेच, गळ्यात कंठ असलेले पोपट. पिंजऱ्यातून सुटलेल्या किंवा सोडलेल्या पक्ष्यांपासून त्यांची संख्या तिथे वाढली आणि आता ते जुन्या झाडांच्या ढोलीत घरटी करतात. त्यांना पाहून तुला घराची आठवण येईल. येऊ दे, पण लगेच फोन काढून आईला लावू नकोस, थोडे पुढे जाऊन लाव. आठवण आली की ती तत्काळ कोणाच्या तरी हवाली करायची, ही तुझ्या पिढीची सवय मला फारशी रुचत नाही.

पेन पॉन्ड्सच्या दोन तळ्यांपाशी वारा मोकळा असतो आणि एकटेपणा सर्वांत जास्त तिथेच बोचतो. तिथून पाय लवकर उचलावेसे वाटतील, म्हणूनच थोडे थांब. परतताना पेम्ब्रोक लॉजला चहा घे. तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांचे बालपण याच घरात गेले. जवळच्या किंग हेन्रीज माउंड या उंचवट्यावरून, झाडीत राखलेल्या फटीतून, सुमारे १६ किलोमीटरवरचा सेंट पॉल्स कॅथेड्रलचा घुमट हवा स्वच्छ असेल तर दिसतो.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात आणि मग सूर्य पाचच्या आत मावळतो, म्हणून सकाळीच नीघ. नोव्हेंबरमध्ये हरणांची संख्या आटोक्यात ठेवण्याचे काम चालते, तेव्हा पादचाऱ्यांची फाटकेही रात्री बंद असतात. आत शिरतानाच फलकावरची वेळ वाचून घे. पायांत चिखलाला टिकतील असे बूट घाल आणि पुढच्या पत्रात तळ्यापाशी किती वेळ थांबलीस ते कळव.

तुझे,
सर