वॉटरमार्क कोपऱ्यात नको, पोतावर हवा

वॉटरमार्क म्हणजे फोटो कुणाचा हे सांगणारी, त्यावर टाकलेली नावाची किंवा लोगोची खूण. प्रश्न असा आहे: उजव्या कोपऱ्यात नाव टाकूनही फोटो उचलले जातात आणि मधोमध मोठं नाव टाकलं तर फोटोची रया जाते. मग ते टाकायचं कुठे? आणि दोन-अडीचशे फोटोंना एकदम कसं लावायचं?

वॉटरमार्कने चोरी थांबत नाही, चोराचं काम वाढतं. किती वाढतं ते जागेवर ठरतं. कोपऱ्यातलं नाव क्रॉप करून उडवता येतं, फोटोचं फारसं काही जात नाही. मोकळं आकाश, एकरंगी भिंत किंवा धूसर बॅकग्राउंड यांवरचं नाव हीलिंग ब्रशच्या (आजूबाजूचा भाग घेऊन डाग भरून काढणारं साधन) दोन फटक्यांत जातं, कारण खाली काय असणार याचा अंदाज सॉफ्टवेअरला सहज येतो. नाव विषयाच्या कडेवर टाका, म्हणजे अर्धं विषयावर आणि अर्धं बाहेर. केस, विणकाम, पानांची जाळी, नक्षी अशा बारीक पोतावर ते पुसायला सगळ्यात जड जातं. एआयची साधनं ही जागाही भरून देतात, पण तो तपशील त्यांनी रचलेला असतो, मूळचा नसतो. नक्षीची रेघ चुकते, बोटं बिघडतात. डोळे आणि चेहरा मात्र मोकळे सोडा.

नावाची लांबी फोटोच्या रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवा, ओपॅसिटी (अपारदर्शकता) 25 ते 40 टक्के. अक्षरं मध्यम जाडीची हवीत. सहीसारखे नाजूक फॉन्ट दिसतात छान, पण जेपेगच्या कॉम्प्रेशनमध्ये त्यांच्या बारीक रेघा फाटतात. नुसता पांढरा रंग उजळ भागात हरवतो, म्हणून पांढऱ्या अक्षरांना पातळ गडद कड द्या. खूण फोटोत मिसळण्याच्या ओव्हरले किंवा सॉफ्ट लाइट मोडचा मोह होतो, पण पूर्ण पांढऱ्या आणि पूर्ण काळ्या भागावर या दोन्ही मोडमध्ये खूण दिसेनाशीच होते. नॉर्मल मोड बरा.

एकसारखा वॉटरमार्क शेकडो फोटोंवर असेल तर आणखी एक धोका आहे. गूगलच्या संशोधकांनी 2017 मध्ये दाखवलं, की असे बरेच फोटो एकत्र तपासून संगणक सगळ्यांत सारखी असलेली खूण वेगळी काढतो आणि प्रत्येक फोटोतून ती वजा करतो. खूण अर्धपारदर्शक असल्यामुळे खालचं चित्र जवळजवळ जसंच्या तसं परत मिळतं. नुसती जागा किंवा ओपॅसिटी बदलून या पद्धतीला फारसा अडथळा होत नाही. प्रत्येक फोटोत खुणेचा आकारच किंचित वाकडा केला तर मात्र पुसल्यावरही कडा उरतात. दर फोटोला खूण अशी वाकवत (वॉर्प) बसणं शक्य नसेल तर थोड्या वाकवलेल्या पाच-सहा आवृत्त्या करून आलटून-पालटून वापरा. हा पूर्ण तोडगा नव्हे, पण एकाच खुणेचा मोठा गठ्ठा तरी कुणाच्या हाती लागत नाही.

आता घाऊक काम. लाइटरूम क्लासिक या अडोबीच्या फोटो एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये 'एडिट वॉटरमार्क्स' उघडून ग्राफिक निवडा आणि पारदर्शक पीएनजी द्या. जेपेग दिलात तर लोगोभोवती पांढरा चौकोन येईल, कारण जेपेगमध्ये पारदर्शकता नसते. खूण कुठे बसवायची यासाठी नऊ बिंदू आहेत, इनसेटने ती त्या बिंदूपासून आत सरकवता येते. जागा फोटोगणिक आपोआप बदलत नाही. म्हणून डावीकडे, मध्ये, उजवीकडे असे प्रीसेट (जतन केलेली सेटिंग्ज) करा, फोटोंना कलर लेबल लावून गट पाडा आणि गटवार एक्स्पोर्ट करा. उभ्या आणि आडव्या फोटोंचे प्रीसेट वेगळेच ठेवलेले बरे, नाहीतर खुणेचा आकार कमी-जास्त दिसतो. फुकटात हवं असेल तर डार्कटेबल या सॉफ्टवेअरमध्ये वॉटरमार्कचं मॉड्यूल आहे, त्याला एसव्हीजी (व्हेक्टर चित्राची) फाइल चालते. कमांड देऊन चालवायच्या इमेजमॅजिकनेही काम झटपट होतं, पण त्यातली मॉग्रिफाय ही कमांड मूळ फाइलवरच लिहिते. ती कायम प्रतींच्या फोल्डरवर चालवा.

क्रम चुकवू नका: आधी फोटो लहान करा, मग खूण लावा. 6000 पिक्सेलच्या फाइलवरची 6 पिक्सेल जाडीची रेघ 1600 वर आणली की दीड पिक्सेलच्या आसपास उरते. लाइटरूमच्या एक्स्पोर्टमध्ये हा क्रम आपोआप पाळला जातो.

खरं संरक्षण त्या लहान आकारातच आहे. लांब बाजू 1600 पिक्सेल असेल तर 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) छपाई जेमतेम सव्वापाच इंच निघते. पूर्ण आकाराची फाइल कुठेच चढवू नका. प्रकाशित फोटोच्या चारही कडा 3-4 टक्के कापून टाका. वाद झालाच तर कापलेला भाग फक्त तुमच्याकडे असतो, सोबत रॉ फाइल (कॅमेऱ्यातली प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) आणि त्याच वेळच्या आधी-नंतरच्या फ्रेम. वॉटरमार्कपेक्षा हा पुरावा कितीतरी भक्कम.

एक्स्पोर्ट करताना मेटाडेटात (फाइलमध्ये दडलेल्या माहितीत) निर्मात्याचं नाव आणि कॉपीराइटची ओळ भरा, लोकेशन काढून टाका. बहुतेक सोशल मीडिया ही माहिती पुसतो, पण स्वतःच्या साइटवर ती टिकते. तिथे परवान्याच्या पानाचा पत्ताही भरलेला असेल तर गूगल इमेजेसमध्ये फोटोवर 'लायसेन्सेबल' अशी खूण येऊ शकते. ही सोय 2020 पासून आहे. कॉपीराइट मिळायला वॉटरमार्क लागत नाही, बर्न या आंतरराष्ट्रीय कॉपीराइट करारानुसार तो आपोआप असतो. पण 1996 च्या वायपो (जागतिक बौद्धिक संपदा संघटना) कॉपीराइट करारानुसार हक्काची माहिती जाणूनबुजून पुसण्याविरुद्ध सदस्य देशांना कायदेशीर उपाय ठेवावा लागतो. म्हणून नुसत्या लोगोपेक्षा वाचता येणारं नाव आणि वर्ष टाका.

साइटवर राइट-क्लिक बंद करण्यात वेळ घालवू नका, स्क्रीनशॉटला ते लागू होत नाही. स्टॉक एजन्सीला फोटो पाठवताना वॉटरमार्क काढलेलीच प्रत द्या.

जागा बरोबर आहे का हे बघायला फोटो चढवण्याआधी हीलिंग ब्रश घेऊन स्वतःच नाव पुसून बघा. अर्ध्या मिनिटात गेलं तर जागा बदला. नंतर अधूनमधून गूगल लेन्स आणि टिनआय या फोटोवरून शोधणाऱ्या साधनांवर शोध घ्या. चोरलेला फोटो सापडला तर तक्रार करण्याआधी पत्ता आणि तारीख दिसेल असा पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट घ्या, कारण तक्रार पोहोचली की ते पान गायब होऊ शकतं.