ज्ञानेश्वरी वाचायला घेतलीस ना, मग हे वाच

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद. फोनवर बोलायला घेतलं की तुझी मीटिंग येते नाहीतर माझ्याकडे कुकर शिट्ट्या मारायला लागतो, म्हणून म्हटलं लिहूनच पाठवते. तू लिहिलंयस की मोठ्या उत्साहाने ज्ञानेश्वरी उघडली, पहिल्याच अध्यायात डोकं गरगरलं, आणि "काकू, यातून मला सत्य वगैरे काही कळेल असं वाटत नाही". अगं, पहिल्या अध्यायात भल्याभल्यांची गाडी अडते. सुरुवातीलाच गणपतीचं वर्णन आहे आणि तेही साधं नाही, वेद म्हणजे त्याची मूर्ती, सहा दर्शनं म्हणजे सहा हात, मग सरस्वती, गुरू, व्यास, आणि मग एकदम रणांगणावरच्या वीरांची नावं. तिथून सुरू करायचा नियम कोणी केलाय? सप्ताहात पारायणाला बसलीस तर गोष्ट वेगळी, तिथे सात दिवसांत ग्रंथ संपवायचा असतो, सगळे एका सुरात वाचत असतात आणि अर्थाकडे बघायला सवडच नसते. त्याचीही मजा आहे, पण तुला जे हवंय ते तसं मिळणार नाही.

तू बाराव्यापासून घे. गीतेचे वीसच श्लोक आणि ओव्या 247, म्हणजे रोज वीस-पंचवीस वाचल्यास तर दहा-बारा दिवसांचं काम. आणि मोठ्याने वाच बाई. मनातल्या मनात वाचलंस तर ती जुनी भाषा परकी वाटत राहील, तोंडाने म्हटली की यमक जुळणारे तीन चरण आणि चौथा छोटासा, ती लय कानात बसते आणि निम्मा अर्थ तिच्याबरोबरच येतो. आघवें म्हणजे सगळं, केवीं म्हणजे कसं, येर म्हणजे बाकीचे, असे दहा-पंधरा शब्द सारखे सारखे येतात, ते एकदा ओळखीचे झाले की खालचा अर्थ दर वेळी बघावा लागत नाही. आधी मूळ ओवी, मग अर्थ, आणि मग परत ओवी. यूट्यूबवरचं प्रवचन नंतर, शक्यतो खूप नंतर. तिथे ओवी कमी आणि बोलणाऱ्याची मतं जास्त असतात. एकनाथमहाराजांनी शके 1506 मध्ये वेगवेगळ्या पोथ्या ताडून हा ग्रंथ शुद्ध केला तेव्हा बजावून ठेवलंय की यात जो स्वतःची ओवी घुसडेल त्याने अमृताच्या ताटात करवंटी ठेवली असं समजा. मला हे प्रवचनांनाही लागू करावंसं वाटतं, पण जाऊ दे, आमच्या मंडळातले कोणी वाचतील.

आता तुझ्या सत्याचं. बारावा झाला की तेरावा घे, हा अध्याय मोठा आहे, घाई करू नकोस. यात कृष्ण अर्जुनाला ज्ञान म्हणजे काय ते सांगतो आणि गंमत बघ, व्याख्या देतच नाही. मान नको असणं, दंभ नसणं, अहिंसा, सहन करणं, सरळपणा, अशी वागण्याची यादीच देतो. पाचच श्लोक आहेत, पण माउलींनी त्यावर चारशेहून जास्त ओव्या खर्च केल्यात. म्हणजे तू जे कळायची वाट बघत बसलीयस ना, डोळे मिटल्यावर काहीतरी लख्ख दिसेल वगैरे, ते इथे नाहीये, इथे विचारलंय की तू चालतेस कशी, बोलतेस कशी, कोणी कौतुक केलं की तुझं काय होतं.

अहिंसेचंच बघ. आपल्याला वाटतं मारामारी करत नाही, नॉनव्हेज खात नाही, झाली अहिंसा. माउली पायापासून सुरू करतात. असा माणूस जमिनीवर पाय कसा टेकवतो तर, कां कमळावरी भ्रमर, पाय ठेविती हळुवार, केसर चुरगळेल की काय अशी शंका मनात धरून. मग येतं बोलणं. पुढां स्नेह पाझरे, माघां चालती अक्षरें, शब्द पाठीं अवतरे, कृपा आधीं. आणि पुढे बोलणं कसं, तर साच आणि मवाळ, मितलें आणि रसाळ. खरं पण मऊ, मोजकं पण गोड. ही ओवी सकाळी वाच आणि त्याच दिवशी आईचा फोन आला, तिने चौथ्यांदा तेच विचारलं "जेवलीस का, लग्नाचं काय ठरवलंस", की बघ तुझे शब्द पुढे आहेत की स्नेह. किंवा टीममधल्या त्या नवीन मुलाची चूक काढताना बघ, तू म्हणतेस ना की मी जे खरं ते तोंडावर बोलते. साच तर आहे गं, मवाळ कुठाय? ओवी कळली का ते त्या फोनवर कळतं, पोथीसमोर नाही.

आणि त्याच अध्यायात पुढे अज्ञानाचं वर्णन आहे ते टाळू नकोस. गीतेत त्याला अर्धी ओळसुद्धा धड नाही, याच्या उलट ते अज्ञान, एवढंच. माउलींनी मात्र दोनशेच्या आसपास ओव्या लिहिल्यात आणि त्या वाचताना हसूही येतं आणि कानही गरम होतात. प्रतिष्ठेवर जगणारा, मानाची वाट बघणारा, सत्कार झाला की खुलणारा. सातशे वर्षांपूर्वी नेवाशात खांबाला टेकून सांगणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला आपलं स्टेटस आणि त्यावरचे लाइक्स कसे काय माहीत होते कोण जाणे! उलट ज्ञानी माणूस कसा, तर त्याचे असलेलेच गुण कोणी वाखाणले तरी शिकाऱ्याने घेरलेल्या हरणासारखा गडबडून जातो. हे वाचताना शेजारणीची आठवण यायला लागली तर पुस्तक मिटून चहा करून घे आणि नंतर परत वाच, कारण या ओव्या दुसऱ्याला लावायला फार सोप्या पडतात.

नेमाचं विचारलंस. वेळ एकच ठेव, पण नाइट शिफ्ट असली तर पहाटेचा हट्ट नको, घरी आल्यावर हातपाय धुऊन बस. खाडा पडला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचून भरपाई करायची नाही, ते रिचार्जचं काम नाही, राहिलं तिथून पुढे. रोज पंचवीस ओव्या म्हटल्या तरी नऊ हजार ओव्यांचा ग्रंथ वर्षात होतो, पण तेराव्यात एकाच ओवीवर आठवडा गेला तरी मला चालेल. मासिक पाळीत वाचायचं का, तर मी वाचते, आमच्याकडे काही जणी नाही वाचत, तुझं तू ठरव. स्त्रियांनाही ही वाट मोकळी आहे हे गीतेच्या नवव्या अध्यायातच सांगितलंय, आणि सगळ्यांना कळावं म्हणून तर हे मराठीत आलं.

पुस्तक सार्थ, म्हणजे ओवीखाली अर्थ दिलेलं घे, हातात धरता येईल असं, ते जाडजूड पारायण प्रतीचं धूड नको, ते देव्हाऱ्याजवळच राहतं. मोबाइलवर वाचू नकोस, अर्ध्या ओवीत बँकेचा मेसेज येतो. पेन्सिल जवळ ठेव, अडलं तिथे खूण कर. आणि मला विचारताना अध्याय आणि ओवीचा नंबर टाइप करून पाठव गं, पानाचा फोटो नको, तुझे फोटो हललेले असतात आणि माझा चष्मा जुना झालाय.

तुझी,
काकू