तेल घ्यावे की टिंक्चर?

प्रश्न : माझ्या आईचे वय ७१ आहे. दोन वर्षांपूर्वी तिला नागीण झाली होती. पुरळ गेले, पण कमरेच्या डाव्या बाजूची आग आणि ठणका अजून गेलेला नाही. नेहमीच्या औषधांनी पुरेसा आराम पडत नाही, म्हणून तिच्या डॉक्टरांनी कॅनाबिसपासून, म्हणजे भांग-गांजाच्या झाडापासून, केलेले सीबीडीचे (त्यातल्या नशा न आणणाऱ्या द्रव्याचे) औषध थोड्या मात्रेत घेऊन पाहायला सांगितले. ते घ्यायला गेलो तेव्हा समोर दोन बाटल्या आल्या. एकीवर ‘तेल’ असे लिहिले होते आणि दुसरीवर ‘टिंक्चर’, बाकी झाकण आणि ड्रॉपर अगदी सारखे. टिंक्चर लवकर लागू पडते, असे विक्रेत्याचे म्हणणे. आईच्या तोंडाला सारखी कोरड पडते आणि अधूनमधून तोंड येते. रक्त पातळ राहावे म्हणून ती वॉरफरिन घेते. या दोन्हींपैकी काय निवडावे?

उत्तर : आपण पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलेले वॉरफरिनचे वाक्य मी सर्वांत आधी घेतो, कारण तेल की टिंक्चर या प्रश्नापेक्षा ते कितीतरी महत्त्वाचे आहे. वॉरफरिनचे विघटन यकृतातील ज्या विकरांमार्फत (एन्झाइममार्फत) होते, त्यांपैकी काहींचे काम सीबीडीमुळे मंदावते. त्यामुळे वॉरफरिनची गोळी तेवढीच राहूनही शरीरातले तिचे प्रमाण वाढू शकते आणि रक्तस्रावाचा धोका निर्माण होतो. सीबीडी सुरू केल्यावर रुग्णाचा आयएनआर (रक्त गोठायला लागणारा वेळ दाखवणारा आकडा) वाढल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. सीबीडी तेलात मिसळलेले आहे की मद्यार्कात, याने यात काहीही फरक पडत नाही. म्हणून सीबीडी सुचवणाऱ्या डॉक्टरांना वॉरफरिनची आणि वॉरफरिनची मात्रा ठरवणाऱ्या डॉक्टरांना सीबीडीची स्पष्ट कल्पना आहे ना, याची आधी खात्री करून घ्यावी, आणि तोवर बाटली उघडू नये. सुरुवात करण्यापूर्वी, केल्यानंतर आणि पुढे मात्रा बदलेल त्या त्या वेळी आयएनआर कधी तपासायचा, हे त्यांच्याकडून लिहूनच घ्यावे. हिरड्यांतून रक्त येणे, कारण नसताना अंगावर काळेनिळे डाग उमटणे किंवा काळी शौचास होणे, यांपैकी काहीही दिसले तर वेळ न दवडता डॉक्टरांना गाठावे.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळतो. औषधशास्त्रात टिंक्चर म्हणजे वनस्पतीचा मद्यार्कात (अल्कोहोलमध्ये) उतरवलेला अर्क. डॉ. विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये कलकत्त्याहून कॅनाबिसवरचा जो प्रबंध प्रसिद्ध केला, त्यात धनुर्वातासारख्या आजारांवर वापरलेले औषध याच प्रकारचे होते. तेल म्हणजे हाच अर्क खोबरेलापासून वेगळे काढलेले एमसीटी तेल, ऑलिव्ह तेल किंवा तिळाचे तेल अशा एखाद्या आधारतेलात मिसळलेला. कॅनाबिसमधील द्रव्ये पाण्यात विरघळत नाहीत, मेदात आणि मद्यार्कात मात्र चांगली विरघळतात, म्हणून हे दोनच मार्ग रूढ झाले. अडचण अशी की, बाजारात ‘टिंक्चर’ हा शब्द आता ड्रॉपर असलेल्या कोणत्याही बाटलीला सर्रास लावला जातो आणि त्यांतल्या कित्येक बाटल्यांत मद्यार्काचा थेंबही नसतो. म्हणून मोठ्या अक्षरांतले नाव सोडून मागच्या बाजूची बारीक अक्षरांतली घटकांची यादी वाचावी. तरीही शंका राहिली, तर एक थेंब बोटांवर चोळून पाहावा. मद्यार्क असेल तर क्षणभर गार लागते, वास नाकाला झोंबतो आणि बोट कोरडे होऊन थोडा चिकटपणा तेवढा उरतो. तेल असेल तर बोट तेलकटच राहते.

आपल्या आईसाठी मी तेलच सुचवेन, आणि त्याचे कारण तिचे तोंड हे आहे. कोरड्या, सोललेल्या तोंडात तीव्र मद्यार्क मिनिटभर धरून ठेवणे हा निव्वळ त्रास आहे. नॅबिक्सिमॉल्स नावाचा कॅनाबिसचा जो तोंडात मारायचा फवारा काही देशांत डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतो, त्यात साधारण निम्मे इथेनॉल, म्हणजे मद्यार्कच, असते आणि दरवेळी फवाऱ्याची जागा बदला, अशी सूचना त्याच्या माहितीपत्रकातच दिलेली असते. मिलीलिटरभर टिंक्चरमधून पोटात जाणारा मद्यार्क नशा येण्याइतका नसतो हे खरे, परंतु दारू सोडण्यासाठी डायसल्फिरामच्या गोळ्या घेणाऱ्यांनी, जंतुसंसर्गावरचे मेट्रोनिडाझोल चालू असणाऱ्यांनी आणि व्यसनातून नुकतेच बाहेर पडलेल्यांनी तेवढ्यापासूनही दूर राहावे. ज्यांना तेलाने मळमळते आणि वरीलपैकी कोणतीही अडचण नाही, त्यांना टिंक्चर सोयीचे पडते. ते टिकतेही अधिक, तर तेलाला कालांतराने खवट वास येऊ लागतो. दोन्ही बाटल्या गडद काचेच्या असाव्यात, अंधारात ठेवाव्यात आणि मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात.

‘लवकर लागू पडते’ या दाव्यावर फार विसंबू नये. जिभेखाली ठेवलेल्या औषधाचा काही भाग तेथील त्वचेतून थेट रक्तात जातो आणि त्याचा परिणाम पाव ते पाऊण तासात जाणवू लागू शकतो. पण तोंडाला लाळ सुटली की उरलेला, बहुधा मोठा, भाग गिळला जातो, आणि गिळलेले औषध यकृतातून फिरून येत असल्यामुळे त्याला अर्ध्यापासून दोन तासांपर्यंत वेळ लागतो. हे तेलाचे होते तसेच टिंक्चरचेही होते. शिवाय नागिणीनंतरचे दुखणे दिवसभर चालणारे असल्यामुळे अशा दुखण्यात दहा मिनिटांच्या घाईपेक्षा रोज ठरल्या वेळी, ठरल्या पद्धतीने औषध जाणे अधिक उपयोगी ठरते. जेवणाचेही तसेच आहे. अमेरिकेत २०१८ मध्ये काही प्रकारच्या अपस्मारासाठी मान्यता मिळालेले एपिडिओलेक्स हे सीबीडीचे औषध स्निग्ध जेवणाबरोबर घेतले असता रक्तातील प्रमाण रिकाम्या पोटाच्या तुलनेत सुमारे चौपट होते. एकदा उपाशी आणि एकदा जेवून, असे घेतल्यास मात्रा तीच राहूनही परिणाम बदलेल. (हेच एपिडिओलेक्स तिळाच्या तेलात केलेले असूनही त्यात थोडे इथेनॉल असते, त्यामुळे नावावरून आतला पदार्थ ठरवता येत नाही, हे मी पुन्हा सांगतो.)

मात्रा मोजताना सर्वाधिक गोंधळ होतो. समजा, तेलाची बाटली ३० मिलीलिटरची असून तिच्यावर ६०० मिलीग्रॅम सीबीडी लिहिले आहे, आणि टिंक्चरची १० मिलीलिटरची असून तिच्यावर २५० मिलीग्रॅम लिहिले आहे. पहिला आकडा मोठा असल्यामुळे तेल तीव्र वाटते, पण हिशेब केल्यास तेलात प्रत्येक मिलीलिटरला २० मिलीग्रॅम आणि टिंक्चरमध्ये २५ मिलीग्रॅम पडते. ५ मिलीग्रॅमची मात्रा हवी असेल, तर तेल पाव मिलीलिटर आणि टिंक्चर ०.२ मिलीलिटर घ्यावे लागेल. येथे थेंब मोजून चालत नाही, कारण मद्यार्काचा थेंब आकाराने लहान पडतो आणि दोन्ही बाटल्यांचे ‘दहा थेंब’ सारखे होत नाहीत. खुणा असलेला ड्रॉपर किंवा सुई नसलेली १ मिलीलिटरची सिरिंज वापरावी. मात्रा किती, हे अर्थातच डॉक्टर ठरवतील.

लेबलावरचा आकडा खरा असेलच असे नाही, हेही मला सांगितले पाहिजे. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ८४ सीबीडी उत्पादनांची तपासणी करणारा एक अभ्यास २०१७ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांतील केवळ २६ उत्पादनांवरचे प्रमाण बरोबर निघाले आणि १८ उत्पादनांत टीएचसी, म्हणजे नशा आणणारे द्रव्य, आढळले. सत्तरी ओलांडलेल्या व्यक्तीला नकळत पोटात गेलेल्या टीएचसीने चक्कर येऊ शकते, आणि वॉरफरिन घेणाऱ्या व्यक्तीचे पडणे ही साधी गोष्ट नव्हे. त्यामुळे बाटलीवरच्या बॅच क्रमांकाचाच स्वतंत्र प्रयोगशाळेचा तपासणी अहवाल मागावा. सीबीडी आणि टीएचसीचे प्रमाण, उरलेले द्रावक, कीटकनाशके आणि जड धातू यांचे आकडे त्यात असावेत. अहवाल दाखवायला कुरकुर करणाऱ्या विक्रेत्याकडून तेलही घेऊ नये आणि टिंक्चरही नाही.

प्रश्न : झोप येत नाही म्हणून मी टीएचसी असलेले टिंक्चर जिभेखाली घेतले. पाऊण तासात काहीच जाणवले नाही, म्हणून तेवढेच पुन्हा घेतले. दोन तासांनी छातीत इतकी धडधड झाली की, मी घाबरून गेलो. तेल घेतले असते तर हे टळले असते का?

उत्तर : नाही. आपण पहिल्या मात्रेचा बराचसा भाग गिळला होता आणि तो वाटेत होता. गिळलेल्या टीएचसीपासून यकृतात ११-हायड्रॉक्सी-टीएचसी हे द्रव्य तयार होते आणि तेही नशा आणणारेच असते. दोन्ही मात्रांचा जोर एकाच वेळी चढल्यामुळे आपल्याला त्रास झाला, आणि तेलाने तो अशाच रीतीने झाला असता. एका वेळी एकच मात्रा घ्यावी आणि तिचा परिणाम जाणवो वा न जाणवो, त्या दिवशी दुसरी घेऊ नये. मात्रा वाढवायची असल्यास काही दिवसांनी, अगदी थोडी आणि डॉक्टरांना विचारून वाढवावी. औषध घेतल्यावर त्या दिवशी गाडी चालवू नये आणि सोबत दारू घेऊ नये. छातीत दुखले, शुद्ध हरपल्यासारखे वाटले किंवा भास झाले, तर रुग्णालय गाठावे आणि काय, किती घेतले हे तिथे न लपवता सांगावे. आपल्याला हृदयविकार असेल, किंवा आपल्या घरात कोणाला मानसिक आजारात भ्रम झाल्याचा इतिहास असेल, तर टीएचसी कोणत्याही रूपात घेऊ नये, असेच मी सांगेन.

प्रश्न : खाण्याच्या तेलांमध्ये मिळणारे हेम्पच्या (कॅनाबिसच्याच झाडाच्या) बियांचे तेल खूप स्वस्त असते. सीबीडी तेलाऐवजी ते चालेल का?

उत्तर : चालणार नाही. ते बिया दाबून काढलेले असते आणि बियांत सीबीडी जवळजवळ नसते. सीबीडी आणि टीएचसी मुख्यतः मादी झाडाच्या फुलोऱ्यावरील बारीक ग्रंथींत तयार होतात. बियांचे तेल आहारात वापरायला चांगले आहे, पण दुखण्यासाठी किंवा झोपेसाठी त्याचे थेंब जिभेखाली धरून काही हाती लागणार नाही.