दीड लाख डॉलर एकदम काढून आरव्ही घ्यावी का?

प्रश्न: मी ६८ वर्षांचा, पत्नी ६६ ची. न्यू जर्सीत एडिसनला राहतो. घराचे कर्ज फिटले आहे, प्रॉपर्टी टॅक्स वर्षाला ११,००० डॉलर. दोघांची मिळून सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन) वर्षाला ५२,०००. ४०१-के (नोकरीतले निवृत्ती खाते) मधून आयआरएत (स्वतःचे निवृत्ती खाते) वळवलेले ८,८०,००० आहेत, त्यातून वर्षाला ३६,००० काढतो. बँकेत रोख ६०,०००. मुलगी कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला असते. पुढच्या वर्षी पाच महिने गाडीने सगळी अमेरिका बघायची आहे. त्यासाठी आयआरएतून १,५०,००० एकदम काढून १,२५,००० ची नवी क्लास सी आरव्ही (आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली मध्यम आकाराची गाडी) घ्यावी आणि उरलेल्या पैशांत प्रवास करावा, असा विचार आहे. आयुष्यभर हात आखडता घेतला. आता नाही तर कधी?

उत्तर: प्रवासाला जरूर जा. तुमची वार्षिक उचल आयआरएच्या चार टक्क्यांच्या आसपास आहे आणि घर तुमचे आहे. एका मोठ्या प्रवासाने तुमचे म्हातारपण डगमगणार नाही. त्र्याहत्तराव्या वर्षापासून सरकार दरवर्षी ठरावीक रक्कम काढायला लावणारच आहे, त्यामुळे आयआरएला हात लावायचाच नाही असा हट्टही नको. माझा विरोध दोनच गोष्टींना आहे: पैसे एकाच कॅलेंडर वर्षात काढणे आणि ते गाडीत घालणे.

आधी कर बघू. सगळा हिशेब २०२५ च्या दरांवर आहे. आज तुमच्या ५२,००० सोशल सिक्युरिटीपैकी २१,३०० करपात्र ठरतात. त्यात आयआरएचे ३६,००० मिळवून ४६,७०० ची वजावट काढली, की उरतात १०,६०० आणि फेडरल कर बसतो १,०६० डॉलर. वजावटीचा आकडा इतका मोठा आहे कारण त्यात स्टँडर्ड ३१,५०० आणि वयामुळे मिळणारे ३,२०० यांच्यासोबत ज्येष्ठांची नवी वजावट, माणशी ६,००० प्रमाणे, धरली आहे. न्यू जर्सीचा कर शून्य, कारण उत्पन्न एक लाखाच्या आत असलेल्या ज्येष्ठ जोडप्याची पेन्शन आणि आयआरएची उचल राज्य करातून वगळली जाते.

आता त्याच वर्षात दीड लाख जास्त काढा. सोशल सिक्युरिटीचे ८५ टक्के, म्हणजे ४४,२००, करपात्र होतात. एकूण उत्पन्न २,३०,२०० वर जाते. ज्येष्ठांची नवी वजावट दीड लाखाच्या पुढे आटू लागते, त्यामुळे १२,००० पैकी जेमतेम २,४०० हाती राहतात. फेडरल कर १,०६० वरून सुमारे ३२,३०० वर पोहोचतो. न्यू जर्सीत तर सरळ कडाच आहे. राज्याच्या हिशेबातले, सोशल सिक्युरिटी सोडून असलेले, उत्पन्न दीड लाखाच्या वर एक डॉलर गेले, तरी निवृत्तिवेतनाची सवलत पूर्ण बंद होते. तुमचे जाईल १,८६,००० वर. प्रॉपर्टी टॅक्सची वजावट धरूनही राज्याला सुमारे ६,८५० द्यावे लागतील. सीनियर फ्रीझ (ज्येष्ठांना प्रॉपर्टी टॅक्समधली वाढ परत देणारी राज्याची योजना) घेत असाल, तर त्याची उत्पन्नमर्यादाही तपासा.

शिवाय मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, आहे. तिचा हप्ता दोन वर्षांपूर्वीच्या उत्पन्नावरून ठरतो. २०२५ च्या तक्त्यात जोडप्याचे उत्पन्न २,१२,००० च्या वर गेले, की पार्ट बी चा (डॉक्टरांच्या खर्चाचा भाग) महिन्याचा हप्ता माणशी १८५ वरून २५९ होतो आणि पार्ट डी वर (औषधांचा भाग) १३.७० चढतात. दोघांचे मिळून वर्षाला २,१०० डॉलर. निवृत्ती किंवा जोडीदाराचा मृत्यू अशा कारणांनी उत्पन्न घटले, तर हा अधिभार कमी करून मागता येतो. आयआरएतून मोठी रक्कम काढली होती, हे कारण चालत नाही.

बेरीज ४०,२०० डॉलर होते. दीड लाखातले हातात येतात १,०९,८००. गाडी मात्र ६.६२५ टक्के सेल्स टॅक्स धरून १,३३,२८० ला पडते. म्हणजे टाकीत एक गॅलन पेट्रोल भरण्याआधीच २३,५०० कमी पडतात. ते भरायला आयआरएतून आणखी काढाल, तर त्यावर पुन्हा कर.

हीच रक्कम ७५,००० डिसेंबरात आणि ७५,००० जानेवारीत अशी काढली, तर दोन वर्षांचा मिळून वाढीव कर सुमारे २६,८०० होतो. मेडिकेअरचा अधिभार लागत नाही आणि राज्याची सवलत निम्मी टिकते. केवळ तारीख बदलून १३,४०० वाचतात. तरीही या पैशांतून आरव्ही घ्या असे मी म्हणणार नाही.

कारण पाच महिन्यांनंतर ती गाडी एडिसनला उभी राहणार. पाच वर्षांनी ६५,००० ला विकली असे धरा, तर वर्षाला १२,००० ची घसरण. विमा १,५००, स्टोरेज १,८००, देखभाल २,०००. झाले १७,३००. पहिला प्रवास संपल्यावर वर्षाला ३० रात्री जरी वापरलीत, तरी एका रात्रीचे सुमारे ५७५ डॉलर, आणि त्यात पेट्रोल वा कॅम्पसाइटचे भाडे धरलेलेच नाही. टायर झिजले नाहीत तरी पाच-सात वर्षांत बदलावे लागतात, कारण उभ्या गाडीचे रबर उन्हाने तडकते. हिवाळ्याआधी सगळ्या नळ्यांतले पाणी काढून त्यात गुलाबी अँटीफ्रीझ भरावे लागते, ते राहिले तर एका थंडीत नळ्या फुटतात. छताच्या सांध्यांचे सीलंट वर्षातून निदान दोनदा बघावे लागते. तिथून झिरपलेले पाणी भिंतीच्या आत जाते, आणि भिंत फुगलेली दिसेपर्यंत आतले लाकूड कुजलेले असते. आरव्हीची किंमत सगळ्यात जास्त पाडणारा दोष हाच.

आणि जिथे जायला ती घ्यायची, तिथेच ती अडते. ग्लेशियर नॅशनल पार्कच्या गोइंग-टू-द-सन रस्त्याच्या डोंगरातल्या टप्प्यावर २१ फुटांपेक्षा लांब गाडीला बंदी आहे. क्लास सी बहुतेक त्याहून लांब असते. नॅशनल पार्कमधल्या पुष्कळ कॅम्पसाइटवर वीज-पाण्याची जोडणी नसते आणि जागा सहा-सहा महिने आधी बुक होतात. क्लास सी गॅलनला आठ-दहा मैल चालते, म्हणजे ९,५०० मैलांना सुमारे हजार गॅलन पेट्रोल.

म्हणून घरची गाडीच न्या, आणि आरव्हीची हौस चौदा रात्री भाड्याने भागवा. अंदाज असा: पाच महिन्यांऐवजी ११० रात्रींचा प्रवास, त्यातल्या २५ मुलीकडे, ओळखीच्यांकडे निदान एक. उरलेल्यांपैकी १४ आरव्हीत आणि ७० मोटेलात, करासह १४० च्या दराने ९,८००. गाडीचे पेट्रोल, गॅलनला २८ मैल धरून, १,१५०. आरव्हीचे भाडे, मैलांचा आकार, विमा, कॅम्पसाइट आणि पेट्रोल मिळून ५,५००. घरच्यापेक्षा जेवणाचा वाढीव खर्च रोज ४० प्रमाणे ४,४००. टायर, ऑइल आणि ब्रेकची तपासणी १,५००. ज्येष्ठांचा नॅशनल पार्क पास ८० डॉलरला आयुष्यभराचा मिळतो. ६२ वर्षे पूर्ण झालेल्या नागरिकाला किंवा ग्रीन कार्डधारकाला तो मिळतो, आणि गाडीमागे प्रवेशशुल्क घेणाऱ्या पार्कमध्ये एका पासावर दोघेही आत जाता. अचानकच्या खर्चाला ३,०००. एकूण सुमारे २५,५००.

आरव्ही डेन्व्हर किंवा सॉल्ट लेक सिटीला घ्या आणि तिथेच परत करा, दुसऱ्या शहरात सोडायचे वेगळे पैसे पडतात. न्यू जर्सीहून तीच घेऊन निघालात, तर भाड्याचे निम्मे दिवस आयोवा-नेब्रास्काच्या सपाट महामार्गावर जातील. चौदा रात्रींत पाठ, झोप आणि टाकीतला मैला उपसण्याचे काम दोघांनाही झेपले, तर परतल्यावर चार-पाच वर्षे जुनी, एकाच मालकाची गाडी बघा. पहिली मोठी घसरण तोवर दुसऱ्याने सोसलेली असते.

निघा ऑगस्टच्या मध्यावर. इंटरस्टेट ८० तुमच्याजवळच टीनेकला सुरू होतो आणि सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत जातो. सप्टेंबरात शाळा सुरू झालेल्या असतात, यलोस्टोन आणि ग्लेशियरमधली गर्दी ओसरते आणि रस्ते अजून उघडे असतात. दिवाळीला फ्रीमाँटला पोहोचा. परत येताना ८० घेऊ नका, वायोमिंगमध्ये वाऱ्याने आणि बर्फाने तो वारंवार बंद होतो. ॲरिझोना, न्यू मेक्सिकोवरून इंटरस्टेट ४० ने या.

तुमची मेडिकेअर ॲडव्हांटेज एचएमओ (खासगी कंपनीमार्फतची, ठरावीक डॉक्टरांपुरती मेडिकेअर योजना) असेल, तर जर्सीबाहेर तातडीचे उपचार मिळतात, नेहमीच्या तपासण्या मिळत नाहीत. १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या काळात बाहेरच्या डॉक्टरांनाही पैसे देणारी पीपीओ योजना घेता येईल. मूळ मेडिकेअरकडे परत जाण्याची घाई मात्र करू नका. सोबतची मेडिगॅप (मूळ मेडिकेअर जे भरत नाही त्यासाठीची पूरक) पॉलिसी आता आरोग्य तपासून नाकारली जाऊ शकते. औषधे ९० दिवसांची घ्या.

घर साडेतीन महिने बंद राहणार हे विमा कंपनीला लेखी कळवा, कित्येक पॉलिसींत ३० किंवा ६० दिवसांनंतर नुकसानभरपाईवर मर्यादा येते. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा आणि परतायच्या आधी थंडी पडेल म्हणून हीटिंग ५५ अंश फॅरेनहाइटवर ठेवा. पोस्ट ऑफिस टपाल फक्त ३० दिवस धरून ठेवते, त्यामुळे ते मुलीच्या पत्त्यावर तात्पुरते वळवा. करखात्याचे पत्र आणि मेडिकेअरचे पत्र त्यातच असते.

पैसे असे उभे करा. नेहमीच्या ३६,००० शिवाय या डिसेंबरात आयआरएतून ७,००० आणि जानेवारीत ७,००० काढा. दोन्ही वर्षांत तुम्ही दहा टक्क्यांच्या टप्प्यातच राहता. प्रत्येक जादा डॉलरमागे सोशल सिक्युरिटीचे ८५ सेंट करपात्र होत असल्याने खरा दर १८.५ टक्के पडतो, म्हणजे दोन्ही मिळून २,५९० कर. हाती ११,४०० येतील. बाकीचे १४,१०० बँकेतून घ्या, तिथे ४५,९०० राहतील. बाजार पडला तर वर्षभर आयआरएला हात न लावता निभेल एवढे ते आहेत. उचलीचा अर्ज भरताना कर कापण्याचा आकडा स्वतः भरा. तो रिकामा ठेवला तर दहाच टक्के कापतात आणि उरलेला कर एप्रिलमध्ये एकदम भरावा लागतो. तिथे २० लिहा.