शूर जवानाचं घर नेमकं कोणतं?

प्रश्न : आमच्या गावच्या एका जवानाला १९६५ च्या युद्धात शौर्यपदक मिळालं. ते आता हयात नाहीत. त्यांच्या घरावर पाटी लावायचं ग्रामसभेत ठरलं, पण गावात दोन घरं दाखवली जातात. निवृत्तीनंतर ते दुसरीकडे राहायला गेले, असंही जुने लोक सांगतात. सातबाऱ्यावर तर घर दिसतच नाही. शोध कसा घ्यावा?
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : सातबारा शेताचा असतो. गावठाणातलं घर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे कर आकारणीच्या नोंदवहीत पाहा. आजच्या वहीपासून एकेक वही मागे जा. फेरआकारणीत घर क्रमांक बदलतात. नुसत्या क्रमांकावर विसंबलात तर पाटी शेजाऱ्याच्या भिंतीवर लागेल. जवानाच्या वडिलांचं किंवा आजोबांचं नाव धरा आणि त्याच्या वरच्या-खालच्या ओळीतली नावं उतरवून घ्या. वही बहुधा गल्लीच्या क्रमाने भरलेली असते, त्यामुळे शेजारी जुळले की घर जुळलं. घरच्यांकडे जुनं वाटणीपत्र किंवा खरेदीखत असेल तर त्यातली चतुःसीमा याच नावांशी ताडून पाहा. दोन घरांचा घोळ बहुतेक वेळा वाटणीतून झालेला असतो, आणि मग दोन्ही घरं खरी निघतात.

जन्माची नोंद कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत मिळते. जन्मसाल आणि गाव लिहून तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज करा. बाळाचं नाव तिथे बहुधा नसतं. बापाचं नाव आणि ‘मुलगा’ एवढंच असतं. पहिलं बाळंतपण माहेरी होत असल्याने गावच्या बुकात नोंद नसेल तर आजोळच्या गावचं बुक काढा. बालपणाचा भक्कम पुरावा मात्र शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर. मुलगा कधी आला, कधी गेला, आधी कोणत्या शाळेत होता, हे त्यात कळतं.

फौजेच्या कागदांत डिस्चार्ज बुक, म्हणजे फौज सोडताना जवानाला मिळणारं सेवेच्या नोंदींचं पुस्तक, सगळ्यात कामाचं. त्यात गाव, पोस्ट, तहसील, जिल्हा आणि जवळचं रेल्वे स्टेशन असा पत्ता असतो. एकाच नावाची दोन गावं असली, बुद्रुक-खुर्दचा गोंधळ असला, तर पोस्ट आणि स्टेशनावरून उलगडा होतो. तुमच्या भागात ते स्टेशन ‘शकुंतला’ या छोट्या रेल्वेच्या मार्गावरचं दारव्हा मोतीबाग असू शकतं. पण हा पत्ता भरती होतानाचा आहे, जन्मघराचा नव्हे. बुक हरवलं असेल तर भारताच्या राजपत्रातल्या पदकाच्या नोंदीवरून सैनिक क्रमांक, हुद्दा आणि पलटण घ्या आणि जवळच्या वारसाच्या सहीने त्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाला लिहा : मराठा लाइट इन्फन्ट्रीसाठी बेळगाव, महार रेजिमेंटसाठी सागर. अर्जाला यवतमाळचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मदत करतं.

निवृत्तीनंतरच्या घरासाठी पेन्शनचा आदेश आणि बँकेचं पासबुक पाहा. पेन्शन कोणत्या शाखेतून निघत होती त्यावरून गाव सापडतं. मुलांचे शाळेचे दाखले त्याहून नेमके, कारण बिऱ्हाड हललं की मुलांची शाळाही बदलते. सरकारने जमीन दिली असेल तर फेरफारात त्या आदेशाचा उल्लेख मिळेल.

वाशीम, गोंदिया, गडचिरोलीच्या वाचकांनी जुन्या कागदांत अनुक्रमे अकोला, भंडारा, चांदा हे जिल्हे शोधावेत. गडचिरोली १९८२ मध्ये, वाशीम १९९८ मध्ये, गोंदिया १९९९ मध्ये वेगळा झाला.

घरात आज जे राहतात त्यांची लेखी संमती घेतल्याशिवाय खिळा ठोकू नका. कोतवाल बुकाची नक्कल हाती नसेल तर पाटीवर ‘जन्मस्थान’ लिहू नका. ‘बालपणीचं घर’ लिहा आणि खाली शाळेच्या रजिस्टरातली सालं टाका.